शिफारस कशावर उभी आहे? : तुलनात्मक अहवालाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी सदराकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच प्रकारच्या लेखनाविषयी आहेत. एखाद्या अडचणीवरचे दोन-चार उपाय समोर ठेवायचे, त्यांची तुलना करायची आणि त्यांतला एक सुचवायचा, अशा अहवालाविषयी ती आहेत. हे लेखन वरवर सोपे दिसते, पण त्यावर पुढे माणसांचा वेळ, पैसा आणि कधी कधी जीवही अवलंबून असतो. म्हणून या अंकाची सर्व जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेतील कागदी नोंदींची व्यवस्था मोडकळीस आली आहे. जुन्या नोंदी वेळेवर सापडत नाहीत आणि सापडल्या तरी कित्येक वाचता येत नाहीत. यावर तीन उपाय सुचवले गेले असून त्यांची तुलना करून सर्वांत योग्य उपाय सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. यापूर्वी मी इतिवृत्ते आणि वार्षिक अहवाल लिहिले आहेत, पण असा अहवाल प्रथमच लिहायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात उपायांपासून करू नये. तीन उपाय आयते हाती आल्यामुळे प्रत्येकाची माहिती गोळा करून तीन प्रकरणे लिहायला बसावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तसे केल्यास प्रत्येक उपाय आपले निकष आपल्यासोबत घेऊन येतो. जो स्वस्त आहे त्याच्या प्रकरणात खर्चाची चर्चा लांबते, जो वेगवान आहे त्याच्या प्रकरणात वेगाची, आणि अखेरीस वाचकाच्या हाती तीन माहितीपत्रके पडतात, ज्यांची एकमेकांशी तुलना करता येत नाही.

पहिले काम अडचण नेमकी मांडण्याचे आहे. आपल्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. नोंदी न सापडणे हा सूचीचा आणि मांडणीचा दोष आहे, तर नोंदी वाचता न येणे हा कागदाच्या आणि शाईच्या ऱ्हासाचा परिणाम आहे. पहिल्या अडचणीवर नुसती चांगली सूचीदेखील पुरेशी ठरू शकते. दुसरीसाठी नोंदींच्या प्रतिमा घेणे किंवा कागदाचे जतन करणे आवश्यक आहे. सूची न करता सर्व कागदांच्या प्रतिमा संगणकात साठवल्या, तर कपाटातला गोंधळ संगणकात जातो आणि नोंद शोधायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. म्हणून कोणत्या नोंदी, कोणाला, किती वेळा लागतात, त्या किती वेळात मिळणे आवश्यक आहे आणि न मिळाल्यास नेमके काय अडते, हे अहवालाच्या पहिल्या दोन पानांत आकड्यांसह यावे. आकडे उपलब्ध नसतील तर काही आठवडे मागण्यांची नोंद ठेवावी. तेवढा अवधी मागून घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

त्यानंतर निकष ठरवावेत आणि ते उपायांची सविस्तर माहिती हाती येण्यापूर्वी ठरवावेत. माझ्या मते संपूर्ण अहवालाचा प्रामाणिकपणा या एका क्रमावर अवलंबून असतो. उपाय पाहिल्यानंतर ठरवलेले निकष, लेखकाच्या नकळत, त्याला आवडलेल्या उपायाच्या मापाने बेतले जातात. येथे अट आणि निकष यांत फरक करावा लागतो. अट एक तर पूर्ण होते किंवा होत नाही. उदाहरणार्थ, काही मूळ कागद ठरावीक काळ जपणे कायद्याने बंधनकारक असेल, तर ते नष्ट करणारा उपाय तेथेच बाद होतो आणि तो कितीही स्वस्त असला तरी पुढच्या तुलनेत येत नाही. निकष मात्र कमी-अधिक प्रमाणात पूर्ण होतात, आणि तुलना त्यांच्यावरच होते. अटींना निकषांच्या रांगेत बसवले की अट मोडणारा उपाय इतर ठिकाणी भरपूर गुण मिळवून पहिला येतो आणि अहवाल अशक्य गोष्टीची शिफारस करून बसतो.

निकष असे शब्दबद्ध करावेत की दोन वेगळ्या माणसांनी तपासले तरी उत्तर साधारण सारखेच यावे. ‘वापरायला सोपे’ हा निकष नव्हे, ती अपेक्षा झाली. नव्या माणसाला पद्धत शिकायला किती वेळ लागतो आणि एक नोंद शोधायला किती मिनिटे लागतात, हे तपासता येते. एकच गोष्ट दोन नावांनी दोनदा मोजली जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी. ‘एकूण खर्च’ आणि ‘देखभालीचा खर्च’ हे दोन स्वतंत्र निकष ठेवले, तर देखभालीचा पैसा दोन्हीकडे मोजला जातो. खर्च मांडताना खरेदीची किंमत, उभारणी, प्रशिक्षण, देखभाल, दुरुस्ती आणि शेवटी ती व्यवस्था बदलण्याचा खर्च असा पूर्ण आयुर्मानाचा हिशेब सर्व उपायांसाठी सारख्याच कालावधीचा करावा. एखाद्या उपायावर आधीच खर्च झालेली रक्कम मात्र या हिशेबात धरू नये, कारण कोणताही उपाय निवडला तरी ती परत येणार नसते. ‘इतका पैसा घातला आहे, आता मागे कसे फिरायचे’ हा युक्तिवाद बैठकीत हमखास येतो. अहवालात त्याला आधीच उत्तर दिलेले असावे.

हे सर्व एका पानावर लिहून, ज्यांनी काम सोपवले त्यांची लेखी संमती घ्यावी आणि मगच माहिती गोळा करायला लागावे.

प्रश्न : अहवाल मागणाऱ्या वरिष्ठांनी कोणता उपाय त्यांना पसंत आहे हे आधीच बोलून दाखवले आहे. अशा वेळी तुलना प्रामाणिकपणे कशी करावी?

उत्तर : या परिस्थितीचा एक मोठा दाखला इतिहासात आहे. पनामाच्या संयोगभूमीतून, म्हणजे दोन महासागरांमधल्या जमिनीच्या अरुंद पट्ट्यातून, कालवा कसा काढावा, हे ठरवण्यासाठी 1879 साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्षपद फर्डिनांड द लेसेप्स यांच्याकडे होते. दहा वर्षांपूर्वी, 1869 साली, त्यांनी सुएझचा कालवा पूर्ण केला होता. तो समुद्रसपाटीवर खोदलेला आणि एकही जलपाश (पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली नेणारा, दारे असलेला हौद) नसलेला कालवा होता, आणि पनामालाही तसाच कालवा हवा हे त्यांचे मत परिषदेपूर्वीच पक्के होते. गोदँ द लेपिने या अभियंत्याने त्याच परिषदेत दुसरा पर्याय मांडला होता. नद्यांवर धरणे बांधून उंचावर कृत्रिम तलाव करावा आणि जहाजे जलपाशांतून वर चढवून पलीकडे उतरवावीत, अशी ती योजना होती. परिषदेने कौल समुद्रसपाटीच्या कालव्याला दिला. पुढे कुलेब्राच्या डोंगरातील दरडी, चाग्रेस नदीचे पूर आणि पीतज्वर व हिवताप यांच्यापुढे ते काम टिकले नाही. 1887 साली जलपाश बांधण्याचा निर्णय झाला तेव्हा फार उशीर झाला होता, आणि 1889 साली ते काम करणारी फ्रेंच कंपनी बुडाली. अमेरिकेने पूर्ण केलेला आणि 15 ऑगस्ट 1914 रोजी वाहतुकीस खुला झालेला कालवा हा तलाव आणि जलपाश यांचाच आहे.

सुएझला वाळवंट सपाट होते आणि पनामात डोंगर व पूर होते, हे परिषदेतल्या लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. तुलना कोणत्या निकषांवर करायची हा प्रश्न मात्र आधीच्या यशाने झाकला गेला होता.

आपण वरिष्ठांना एकच गोष्ट विचारावी : हा उपाय आपल्याला कोणत्या कारणाने पसंत आहे? पुष्कळदा उत्तरातून असा एखादा खरा निकष बाहेर येतो, जो कोणी कागदावर आणलेला नसतो. समजा, त्यांना ठाऊक आहे की पुढील वर्षी संस्थेची जागा बदलणार आहे आणि म्हणून हलवता येणारी व्यवस्था त्यांना हवी आहे. मग तो निकष उघडपणे यादीत घ्यावा आणि सर्व उपायांना लावावा. उत्तर केवळ आवडीचे असेल, तर पसंतीचा उपायही इतरांच्याच मापाने मोजावा आणि त्याची उणी बाजू तितक्याच स्पष्ट शब्दांत लिहावी. निर्णय खरोखरच झालेला असेल, तर तुलनेचा देखावा करू नये. त्या लेखनाला ‘निवडलेल्या उपायाच्या समर्थनार्थ टिपण’ असे नाव द्यावे आणि तसेच ते सादर करावे. असे टिपण लिहिण्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्याला तुलनात्मक अहवाल म्हणणे, कारण नंतर वाचणारा माणूस इतर उपाय नीट तपासून बाजूला ठेवले होते असे समजून चालतो.

प्रश्न : अहवालात किती पर्याय असावेत?

उत्तर : तपशिलाने तीन ते पाच पुरेत. त्याहून अधिक असतील तर अटींच्या चाळणीतून ते कमी करावेत आणि बाद झालेल्या प्रत्येकाचे कारण एकेका वाक्यात नोंदवावे, म्हणजे ‘तो उपाय का पाहिला नाही’ हा प्रश्न बैठकीत उरत नाही. जो उपाय दुसऱ्या एखाद्या उपायापेक्षा कोणत्याच निकषावर सरस नाही आणि एखाद्या तरी निकषावर उणा आहे, तोही येथेच वगळता येतो. त्यासाठी गुण किंवा भार (प्रत्येक निकषाला दिलेले महत्त्वाचे प्रमाण) यांची गरज पडत नाही.

सध्याची व्यवस्था आहे तशी चालू ठेवणे हा पर्याय मात्र नेहमी असावा. अमेरिकेत पर्यावरणावरील परिणामांचे अहवाल कसे लिहावेत यासंबंधी 1978 साली जे नियम झाले, त्यांत पर्यायांच्या तुलनेला अहवालाचा गाभा म्हटले होते आणि ‘काहीही न करणे’ हा पर्याय तपासणे आवश्यक ठरवले होते. ही अट मला अतिशय शहाणपणाची वाटते. काहीही न करण्यालाही खर्च असतो. आपल्या नोंदींच्या बाबतीत तो दर महिन्याला वाया जाणाऱ्या तासांचा आणि कायमच्या नष्ट होणाऱ्या कागदांचा आहे. तो मांडल्याशिवाय नव्या उपायाचा खर्च जास्त आहे की कमी, हे कोणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न : प्रत्येक निकषाला भार द्यायचा, प्रत्येक पर्यायाला गुण द्यायचे आणि बेरीज करून ज्याला सर्वाधिक गुण त्याची शिफारस करायची, ही पद्धत आमच्याकडे रूढ आहे. ती विश्वसनीय आहे का?

उत्तर : ही पद्धत उपयुक्त आहे, पण बेरजेचा आकडा म्हणजे पुरावा अशी समजूत झाली की ती घातक ठरते.

तिचे एक साधे जुने रूप अमेरिकी मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली यांना 1772 च्या सप्टेंबरमध्ये लिहिलेल्या पत्रात सापडते. कागदाचे दोन भाग करावेत, एकीकडे अनुकूल आणि दुसरीकडे प्रतिकूल कारणे तीन-चार दिवस सुचतील तशी लिहीत जावे आणि मग समान वजनाची कारणे समोरासमोर खोडून काढावीत, म्हणजे पारडे कोठे झुकते ते दिसते, असे ते सांगतात. प्रिस्टली यांनी काय ठरवावे हे सांगायला मला पुरेशी माहिती नाही, कसे ठरवावे एवढेच सांगतो, असेही त्यांनी त्या पत्रात स्पष्ट केले आहे. सगळी कारणे एकाच वेळी मनात हजर नसतात आणि जे कारण क्षणभर डोळ्यांपुढे असते तेच मोठे वाटते, ही अडचण त्यांनी ओळखली होती. भारांकनाचा तक्ता हे काम आजही चांगले करतो. तो सर्व कारणे एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवतो.

आता त्याची कमकुवत बाजू एका उदाहरणाने पाहू. तीन पर्याय आहेत : अ, ब आणि क. निकषही तीन आहेत : खर्च, वापरातील सुलभता आणि देखभाल. त्यांचे भार अनुक्रमे 40, 30 आणि 30 टक्के मानू. दहापैकी गुण असे : अ ला 9, 4, 5, ब ला 6, 7, 7 आणि क ला 4, 9, 6. भारित बेरीज केली तर अ ला 6.3, ब ला 6.6 आणि क ला 6.1 मिळतात. शिफारस ब ची झाली. आता खर्चाचा भार 50 करा आणि उरलेले दोन्ही 25-25 ठेवा. अ ला 6.75 मिळतात, ब ला 6.5, आणि शिफारस अ कडे जाते. उरलेले दोन्ही भार समान ठेवले, तर खर्चाचा भार साधारण 45.5 टक्क्यांच्या पुढे गेला की हा क्रम उलटतो. खर्चाला 40 टक्के द्यायचे की 46, हे शपथेवर कोण सांगू शकेल? म्हणून अहवालात केवळ 6.6 आणि 6.3 हे आकडे देणे अपुरे आहे. ‘खर्चाचे महत्त्व इतर दोन निकषांच्या बेरजेच्या जवळपास येऊ लागले, तर अ हा पर्याय सरस ठरतो; आम्ही ते त्यापेक्षा कमी मानले आहे, त्याचे कारण पुढीलप्रमाणे’ असे वाक्य लिहावे. असा तक्ता वाचणाऱ्याला मतभेद असेल तर तो नेमका कोठे आहे, हे बोटाने दाखवता येते. शिफारस कोणत्या गृहीतकावर उभी आहे आणि काय बदलले तर ती बदलेल, हे ज्या अहवालातून कळत नाही तो अपुरा आहे असे मी मानतो, मग त्याची मांडणी कितीही देखणी असो.

गुण देण्याच्या पद्धतीतही एक छुपा धोका आहे. सर्वांत स्वस्त पर्यायाला 10, सर्वांत महागड्याला 0 आणि मधल्यांना त्या प्रमाणात गुण, ही रीत फार वापरली जाते. समजा, दोन पर्यायांचे खर्च 100 आणि 120 एकक आहेत. त्यांना 10 आणि 0 गुण मिळतात. आता 200 एकक खर्चाचा तिसरा पर्याय यादीत आला, ज्याची निवड होणे शक्यच नाही. लगेच 100 एककांच्या पर्यायाला 10 आणि 120 च्या पर्यायाला 8 गुण मिळतात. त्या दोघांच्या खर्चात तसूभरही फरक पडलेला नसताना त्यांच्या गुणांतील अंतर दहावरून दोनवर येते, आणि खर्चाच्या निकषावर मागे असलेला पर्याय एकूण बेरजेत पुढे जाऊ शकतो. केवळ संख्या भरण्यासाठी यादीत घेतलेला पर्याय असा निकाल फिरवतो. त्यामुळे गुणांची मोजपट्टी यादीतील पर्यायांवरून न ठरवता गरजेवरून ठरवावी. किती खर्च सहज पेलतो आणि किती खर्चापुढे उपाय अशक्य होतो, या दोन टोकांमध्ये पट्टी आखावी. गुणांशेजारी मूळ आकडेही द्यावेत : तास, मिनिटे, रक्कम, जे असेल ते.

प्रश्न : शिफारस अहवालाच्या आरंभी द्यावी की शेवटी? आणि तुलना पर्यायांनुसार लिहावी की निकषांनुसार?

उत्तर : शिफारस दोन्हीकडे द्यावी. आरंभीच्या एका पानाच्या सारांशात अडचण, तपासलेले पर्याय, शिफारस, तिचे मुख्य कारण आणि तिची सर्वांत मोठी मर्यादा या पाच गोष्टी याव्यात. निर्णय घेणाऱ्यांपैकी अनेकजण तेवढेच पान वाचतात. त्यांना दोष देण्यापेक्षा ते पान पूर्ण आणि खरे असेल हे पाहावे. सविस्तर शिफारस तुलनेनंतर येते आणि ती तुलनेत न आलेल्या कोणत्याही नव्या कारणावर आधारलेली नसावी.

तुलना निकषांनुसार लिहावी. खर्चाच्या विभागात सर्व पर्यायांचा खर्च, वेळेच्या विभागात सर्वांचा वेळ, आणि प्रत्येक विभागाच्या शेवटी त्या निकषावर कोण पुढे आहे आणि तो फरक लक्षात घेण्याजोगा आहे का, यावर लेखकाचे मत. पर्याय कसे चालतात याचे वर्णन त्याआधी थोडक्यात करावे.

मर्यादा कोठे लिहायची, याविषयी पत्रात विचारलेले नाही, पण ते सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया हे अमेरिकी अंतराळयान परतीच्या प्रवासात नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी बाह्य इंधनटाकीवरील उष्णतारोधक फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता, आणि यान कक्षेत असतानाच त्या आघाताचे विश्लेषण व्यवस्थापनापुढे मांडले गेले होते. आदळलेला तुकडा चाचण्यांमध्ये वापरलेल्या तुकड्यांपेक्षा आकारमानाने शेकडो पटींनी मोठा होता. म्हणजे चाचण्यांवरून काढलेले अनुमान येथे लागू पडेल की नाही, हीच शंका होती. ती बाब सादरीकरणाच्या पानावर अगदी तळाच्या ओळीत होती आणि पानाचा मथळा मात्र दिलासा देणारा होता. चौकशी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात, तांत्रिक अहवालांची जागा अशा सादरीकरणाच्या पानांनी घेण्याच्या प्रथेवर स्पष्ट टीका केली. आपला विषय नोंदींच्या कपाटांचा असला तरी शिस्त हीच हवी. ज्या मर्यादेमुळे शिफारस बदलू शकते ती शिफारशीला लागून, तेवढ्याच ठळकपणे लिहावी. परिशिष्टात नव्हे.

प्रश्न : दोन उपाय जवळपास सारखेच ठरत असतील आणि काही माहिती मिळण्यासारखीच नसेल, तर ‘दोन्ही योग्य आहेत, निर्णय आपण घ्यावा’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : शिफारस मागितली असेल तर चालणार नाही. विषयात सर्वांत खोलवर गेलेला माणूस आपण आहात. आपणच मागे सरलात, तर निर्णय आपल्यापेक्षा कमी माहिती असलेल्या माणसावर पडतो.

चंद्रावर माणूस कसा उतरवायचा, या प्रश्नावर अमेरिकेच्या नासा संस्थेत 1961-62 मध्ये जो वाद झाला तो या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. एका प्रचंड अग्निबाणाने थेट चंद्रावर जाणे, पृथ्वीच्या कक्षेत यानाची जुळणी करून जाणे आणि चंद्राच्या कक्षेत मुख्य यान ठेवून लहान यानाने उतरणे, असे मुख्य मार्ग होते. तिसऱ्या मार्गाचा पाठपुरावा जॉन हुबोल्ट या अभियंत्याने चिकाटीने केला. वरच्या पायऱ्या ओलांडून त्यांनी नोव्हेंबर 1961 मध्ये थेट वरिष्ठ अधिकाऱ्याला पत्रही लिहिले. अग्निबाणतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांचे नासातील केंद्र तोपर्यंत पृथ्वीच्या कक्षेतील जुळणीच्या बाजूचे होते. 7 जून 1962 रोजीच्या बैठकीत मात्र त्यांनी चंद्रकक्षेच्या मार्गाची शिफारस केली. तपासलेले सर्व मार्ग पुरेसा वेळ आणि पैसा मिळाल्यास तांत्रिकदृष्ट्या शक्य आहेत, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, आणि तरीही ठरलेल्या मुदतीत, म्हणजे दशक संपण्यापूर्वी, यश मिळण्याची सर्वाधिक खात्री या मार्गात आहे, हे कारण पुढे ठेवले. निर्णय काही आठवड्यांत झाला नाही तर ती मुदतच हातची जाईल, हेही त्यांनी बजावले. पुढच्याच महिन्यात नासाने त्या निवडीची घोषणा केली. चंद्राच्या कक्षेत दोन यानांची जोडणी त्या वेळी कोणीही केलेली नव्हती, म्हणजे माहिती अपुरीच होती. मुदत हा निकष सर्वांनी आधीच मान्य केलेला असल्यामुळे निवड करता आली.

दोन पर्याय सारखे वाटतात तेव्हा बहुधा निकषांचा अग्रक्रम ठरलेला नसतो. तो पुन्हा तपासावा. नंतरही बरोबरी राहिली, तर ज्या पर्यायातून पुढे माघार घेणे सोपे आहे तो सुचवावा. अपुऱ्या माहितीबाबत सशर्त शिफारस करता येते, मात्र अट तपासता येण्याजोगी हवी : ‘वर्षाला अमुक संख्येहून अधिक नोंदींची मागणी होत असेल तर पहिला उपाय, अन्यथा दुसरा, आजवरच्या नोंदीवरून आम्ही पहिला सुचवतो.’ ‘परिस्थिती पाहून योग्य तो निर्णय घ्यावा’ या वाक्याला अहवालात जागा देऊ नये.

प्रश्न : आमची समिती पाच जणांची आहे आणि दोघांचे मत वेगळे आहे. एकमत दिसावे म्हणून त्यांचे म्हणणे सौम्य करून घालावे, असा आग्रह होत आहे.

उत्तर : तसे करू नये. अमेरिकेने पनामाचे काम हाती घेतल्यावर सल्लागार अभियंत्यांच्या मंडळातही अशीच फूट पडली होती. बहुमत समुद्रसपाटीच्या कालव्याच्या बाजूने होते आणि पाच जणांचे अल्पमत जलपाशांच्या बाजूने. दोन्ही मते स्वतंत्र आणि सकारण लिहिली गेल्यामुळेच राष्ट्राध्यक्ष आणि विधिमंडळ यांना 1906 साली अल्पमताचा मार्ग निवडता आला. दोघांना त्यांचे टिपण त्यांच्या शब्दांत लिहू द्यावे आणि मूळ अहवालाला जोडावे. मतभेद आकड्यांविषयी आहे, की निकषांच्या भाराविषयी, एवढे मात्र दोन्ही बाजूंनी स्पष्ट करावे. आकड्यांविषयीचा मतभेद पुन्हा मोजणी करून मिटू शकतो. भाराविषयीचा मतभेद समितीने आपसात दाबून टाकू नये, कारण तो निवाडा करण्याचा अधिकार निर्णय घेणाऱ्यांचा आहे.

प्रश्न : मी काळजीपूर्वक केलेली शिफारस नाकारली गेली आणि दुसरा उपाय निवडला गेला. आता अहवालात त्यानुसार दुरुस्ती करून मागितली आहे. काय करावे?

उत्तर : मूळ अहवाल बदलू नये. तो ज्या तारखेला, ज्या माहितीवर लिहिला गेला तसाच दप्तरी राहिला पाहिजे. वेगळा निर्णय घेणे हा वरिष्ठांचा अधिकार आहे आणि त्यामागे आपल्याला ठाऊक नसलेले कारणही असू शकते. ते कारण विचारून घ्यावे आणि निर्णयाचे एक स्वतंत्र टिपण करावे : कोणता निकष किंवा भार वेगळा मानला गेला, कोणती नवी माहिती आली आणि ती धरल्यास तक्ता कसा दिसतो. त्यावर निर्णय घेणाऱ्यांची स्वाक्षरी घेऊन ते मूळ अहवालासोबत ठेवावे. निवडलेल्या उपायाचे जे धोके आपण नोंदवले होते, त्यांची यादीही काम प्रत्यक्ष राबवणाऱ्यांच्या हाती द्यावी. अहवालातील ती पाने आता त्यांनाच सर्वांत जास्त लागणार आहेत.